“रूम कुठली देऊ?” इथेच निम्मं बिल ठरतं

पेशंट व्हीलचेअरवर, आपल्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, आणि काउंटरपलीकडची मुलगी विचारते, “सर, ट्विन शेअरिंग फुल आहे. सिंगल देऊ का?” घोडबंदर रोड असो, पाचपाखाडी असो की नेरूळ-बेलापूर, खासगी हॉस्पिटलात हा प्रश्न येतोच. आपण हो म्हणतो. दिवसाला दोन-तीन हजारांचाच तर फरक. बाबांना जरा शांतता मिळेल, रात्री थांबणाऱ्याला पाठ टेकायला सोफा मिळेल, आणि मेडिक्लेम आहेच की. यात चुकीचं काही नाही. फक्त त्या एका ‘हो’मुळे सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज आणि डॉक्टरांच्या रोजच्या व्हिजिटचा दर, सगळंच वर सरकतं, हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

आमच्या सोसायटीत क्लेमचे कागद लावायचे झाले की लोक माझ्याकडे येतात. येतात ते डिस्चार्जनंतर, कपातीचं पत्र घेऊन. “अहो काका, पॉलिसी तीन लाखांची, बिल दोन लाखांचं, मग आम्ही ऐंशी-पंच्याऐंशी हजार भरले कशाचे?” या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही. पण ते ॲडमिट होण्याआधी माहीत असलं तरच उपयोगाचं, म्हणून हा लेख.

आधी दरांची रीत समजून घ्या. बहुतेक मोठ्या खासगी हॉस्पिटलांत दरपत्रक रूमच्या वर्गाप्रमाणे असतं: जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. हॉटेलात एसी सेक्शनमध्ये बसलं की त्याच थाळीला जास्त पैसे पडतात, तसंच हे. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, टेबल तेच, पण सिंगल रूमच्या पेशंटकडून त्याच कामाचे जास्त घेतात. हॉस्पिटलवाल्यांचं म्हणणं असं की सधन पेशंटच्या जास्त बिलातून जनरल वॉर्डचे दर खाली ठेवता येतात. त्यात थोडं तथ्य असेलही. अडचण अशी की सिंगल रूम घेणारा दर वेळी सधन असतोच असं नाही. कित्येकदा त्याला दुसरी रूम मिळालेली नसते, एवढंच.

आता पॉलिसी उघडा. जुन्या पॉलिस्यांत आणि कंपनीकडून मिळणाऱ्या बऱ्याच ग्रुप पॉलिस्यांत एक अट असते: रूमचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत. तीन लाखांची पॉलिसी असेल तर दिवसाला तीन हजार. आपण सहा हजारांची रूम घेतली. सर्वसाधारण समज असा की चार दिवसांचे वरचे बारा हजार आपण भरू, बाकी कंपनी बघेल. कंपनी मात्र म्हणते, तुम्ही हक्काच्या दुप्पट भाड्याची रूम घेतलीत, म्हणजे रूमच्या वर्गाशी जोडलेले बाकीचे खर्चही दुप्पट वर्गाचे झाले, त्यातले निम्मेच आम्ही देऊ. या कपातीला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेशी व्यवहार चालतो त्या टेबलावर, हा शब्द इतक्या सहज उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटतं, पाच-दहा टक्क्यांची गोष्ट असेल.

एक हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. पित्ताशयाचं ऑपरेशन, चार दिवस मुक्काम, सिंगल रूम दिवसाला ६,००० रुपये, म्हणजे २४,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग आणि व्हिजिट मिळून १,२०,०००. औषधं २८,०००. तपासण्या १६,०००. ग्लोव्हज, किट, फाईल चार्ज वगैरे किरकोळ वाटणाऱ्या ओळींचे १२,०००. एकूण दोन लाख. कंपनी देणार रूमचे १२,०००, सर्जन ते व्हिजिट या गठ्ठ्याचे निम्मे म्हणजे ६०,०००, औषधं पूर्ण, तपासण्या पूर्ण, किरकोळ ओळींचं शून्य. बेरीज १,१६,०००. आपल्या खिशातून ८४,०००. रूमवर लागणारा जीएसटी यात धरलेलाच नाही. आयसीयू सोडून दिवसाला ५,००० रुपयांच्या वरची कुठलीही रूम घेतली, तर १८ जुलै २०२२ पासून तिच्या भाड्यावर पाच टक्के कर लागतो.

आता तेच ऑपरेशन तीन हजारांच्या ट्विन शेअरिंगमध्ये. रूमचे १२,०००. सर्जन वगैरेंचा गठ्ठा खालच्या वर्गाच्या दराने समजा ८०,०००. औषधं, तपासण्या आणि किरकोळ तेवढंच. बिल १,४८,००० आणि खिशातून जाणार फक्त ते किरकोळ १२,०००. म्हणजे दिवसाचे तीन हजार वाढवल्यावर घरावर बहात्तर हजार वाढले. तो सोफा एवढ्या किमतीचा नसतो.

इथे एक नियम पाठ करून ठेवण्यासारखा आहे, कारण त्याच्यावर पैसे परत मिळतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये स्पष्ट केलं की ही प्रमाणशीर कपात औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तसंच तपासण्या यांच्यावर लावता येत नाही. आयसीयूच्या चार्जेसवरही लावता येत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे तर ती अजिबात लावायची नाही. तरीही सबंध बिलाला सरसकट पन्नास टक्क्यांचा गुणक लावलेली पत्रं माझ्या पाहण्यात आहेत. म्हणून कपातीच्या पत्रावर एका आकड्याने समाधान मानू नका. कोणत्या ओळीतून किती कापले, याचा तक्ता मागा. वरच्या उदाहरणात कंपनीने औषधं आणि तपासण्यांवरही गुणक चालवला असता, तर आणखी २२,००० गेले असते, आणि तेही नियमाबाहेर.

हक्काच्या वर्गातली रूम खरोखरच शिल्लक नसेल तर? तर तसं लेखी मागायचं: ‘अमुक तारखेला ट्विन शेअरिंग उपलब्ध नव्हती, पेशंटला वरच्या वर्गात ठेवलं.’ आणि तिथेच विचारायचं की बिल हक्काच्या वर्गाच्या दराने लावाल का. काही हॉस्पिटलं तयार होतात, काही होत नाहीत. खालची रूम रिकामी होताच शिफ्ट करा, असंही त्याच कागदावर लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीची शिफ्ट बदलली की विरून जातं.

आता त्या किरकोळ ओळी. सविस्तर बिल हातात आलं की त्यात एकेका दिवसाला ग्लोव्हज, ग्लोव्हज, पुन्हा ग्लोव्हज, मग एप्रन, मास्क, अंडरपॅड, चिकटपट्टी अशी रांग लागलेली दिसते. सुरुवातीला एक ॲडमिशन किट असतं. त्यातला कंगवा, साबण आणि टाल्कम पावडरची डबी तशीच सीलबंद घरी येते. यातल्या बऱ्याच गोष्टी विमा कंपन्यांच्या ‘न देण्याच्या’ यादीत बसतात. हल्ली थोडा जास्त प्रीमियम घेऊन कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर मिळतं. वय साठच्या पुढे असेल आणि हॉस्पिटलची फेरी संभवत असेल, तर ते घेण्यासारखं आहे.

औषधांचं प्रकरण जरा खोल आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि हॉस्पिटल सहसा जास्त घेतही नाही. खेळ छापील किमतीतच असतो. दर नियंत्रणाखाली नसलेल्या औषधांची आणि साहित्याची पहिली किंमत कंपनीच ठरवते. मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्या हॉस्पिटलला तीच वस्तू फार स्वस्तात पडते. मग ज्या ब्रँडची छापील किंमत आणि खरेदी किंमत यांत अंतर जास्त, तो ब्रँड हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये ठेवायचा मोह होणारच. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, म्हणजे एनपीपीएने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. ते दिल्लीचं झालं, पण छापील किमतीची रीत देशभर एकच आहे.

सरकारने ठरवलं तर काय होतं तेही बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर कमाल किंमत आली. औषध लावलेला स्टेंट, जो लाख-सव्वा लाखाला लावला जायचा, तो २९,६०० रुपयांवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटची पाळी आली. मात्र अँजिओप्लास्टी करण्याच्या चार्जवर किंवा रूमच्या भाड्यावर अशी मर्यादा नाही. त्यामुळे स्टेंटची ओळ आखडली, पण सगळं बिल त्या प्रमाणात उतरलं नाही.

औषध हॉस्पिटलच्याच दुकानातून घ्यावं, अशी सक्ती करता येत नाही. औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे निवडण्याचा अधिकार पेशंटच्या हक्कांच्या राष्ट्रीय सनदेत आहे. पण खरं सांगायचं तर ॲडमिट पेशंटच्या सलाइनमधून जाणारं इंजेक्शन बाहेरून आणायचा आग्रह धरणं व्यवहारात जमत नाही. कोल्ड चेन, बॅच नंबर, ‘आमची जबाबदारी नाही’ हे सगळं ऐकावं लागतं. हा अधिकार चालतो तो डिस्चार्जच्या वेळी. पुढच्या महिन्याची गोळ्यांची चिठ्ठी घ्या आणि शांतपणे बाहेर पडा. ब्लडप्रेशर, शुगर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी केंद्रं आहेत. आधी डॉक्टरांना घटक औषधाचं नाव लिहून द्यायला सांगा, म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही.

मग खासगी हॉस्पिटलांचे दर ठरवणारं कुणीच नाही का? सर्वसाधारण काळात नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे चालतो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा झाली, आणि पेशंटच्या हक्कांची सनद व ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं हॉस्पिटलांना बंधनकारक झालं. दर किती असावेत, हे मात्र त्यात नाही. तो फलक शोधून बघा. असतो, पण बऱ्याचदा मोठ्या कुंडीच्या मागे. दर बांधता येतात हे कोविडने दाखवलं. मे २०२० मध्ये राज्याने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी बिलं तपासायला माणसं नेमली, आणि जास्त आकारलेले पैसे लोकांना परत मिळाले. साथ ओसरली तशी ती व्यवस्थाही गेली. माझ्या मते बिल तपासण्याचं निदान ते एक टेबल तरी महापालिकांनी ठेवायला हवं होतं. सगळे दर बांधणं कठीण आहे, हे मान्य. पण बिलात एकच तपासणी दोनदा लागली आहे का, एवढं बघायला नवा कायदा लागत नाही.

डिस्चार्जच्या दिवसाबद्दल थोडं. डॉक्टर सकाळी दहाला “आज घरी जा” म्हणतात आणि आपण संध्याकाळी सहाला रिक्षात बसतो. मधल्या वेळात फायनल बिल, टीपीएकडे पाठवणी, त्यांची क्वेरी, तिचं उत्तर. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. त्यापुढे उशीर झाल्याने हॉस्पिटलने जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने सोसायची. हे तीन तास हॉस्पिटलकडून विनंती गेल्यापासून मोजले जातात. त्यामुळे बिल टीपीएला किती वाजता गेलं, ती वेळ डेस्कवर विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

हे सगळं मेडिक्लेम असलेल्यांचं. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांच्यासाठी राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. पूर्वी ती प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डासाठी होती. जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही त्यात आलं आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं. ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी पांढऱ्या कार्डवाल्यांना अजून वाटतं की ही योजना आपली नव्हेच. मर्यादा दोन आहेत. हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे, आणि तेही त्या आजाराच्या उपचारासाठी. पाटीवर योजनेचं नाव असलेलं हॉस्पिटल फक्त एखाद-दुसऱ्या विभागापुरतंच योजनेत असू शकतं. म्हणून ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठायचं, किंवा १५५३८८ वर फोन करायचा. रोख भरून झाल्यावर ‘आता योजनेत घ्या’ म्हटलं की बहुतेक दार बंद झालेलं असतं.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांचं कव्हर. फ्लॅट स्वतःचा आहे म्हणून आजी-आजोबांनी हे कार्ड काढलेलं नसतं. आधार कार्ड घेऊन ते आजारी नसतानाच काढून ठेवावं.

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला असणाऱ्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत असेल, तर पगारातून ०.७५ टक्के ईएसआयला (कर्मचारी राज्य विमा योजनेला) जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. वागळे इस्टेटमध्ये आणि वाशीत ईएसआयची रुग्णालयं आहेत. तिथली रांग आणि इमारतीची अवस्था यावर लोकांची नाराजी आहे, पण मोठ्या आजारात रेफरलने बाहेर पाठवण्याची सोय याच कार्डावर होते. कंत्राटी कामगारांनी पगाराच्या स्लिपवर ही कपात दिसते का, एवढं तरी तपासावं.

धर्मादाय हॉस्पिटलांचा मार्ग कमी वापरला जातो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. त्यासाठी बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या फंडात ठेवायची असते. काउंटरवर ‘या महिन्याचा फंड संपला’ असं उत्तर मिळू शकतं. तेव्हा भांडत बसू नका. ते उत्तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असेल तर अर्धं काम झालं. तो काढायला दिवस लागतात, आणि अपेंडिक्स तेवढं थांबत नाही.

आणि अर्थात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं. कळव्यात मुंब्रा-दिव्यापासून पार शहापूर-मुरबाडपर्यंतचे पेशंट येतात. गर्दी बघून माघारी फिरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण ठरवून करायचं ऑपरेशन असेल आणि महिनाभर थांबणं डॉक्टरांच्या मते सुरक्षित असेल, तर तिथली तारीख विचारून बघण्यात काही जात नाही.

तातडीच्या वेळी वेगळा नियम. अपघात असो की हार्ट अटॅक, डिपॉझिट भरेपर्यंत प्राथमिक उपचार अडवता येत नाहीत. डॉक्टरचं पहिलं काम जीव वाचवणं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे. तसंच बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या थेट खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उतरला, हे चांगलंच. पण घरात तो जाणवत नाही, कारण उरलेला खर्च पॉलिसीच्या बाहेर सांडलेला असतो: ओपीडीची फी, दर तीन महिन्यांचं रक्त तपासणं, डायलिसिसला जाण्या-येण्याची रिक्षा, रात्रपाळीची आया, आणि सोबत थांबणाऱ्या सुनेचा किंवा मुलाचा बुडालेला पगार. याचं बिलच होत नाही. मग कधीतरी गोल्ड लोनची पावती कपाटात येते.

आता तक्रारीचं. कपात पटली नाही तर आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. मुंबईला हेलपाटे नकोत, लोकपालाचं एक कार्यालय ठाण्यातच आहे. जुना आजार लपवला म्हणून क्लेम नाकारला असेल, तर पॉलिसी सलग किती वर्षं चालू आहे ते आधी बघा. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला त्या कारणाने नाकारता येत नाही. पत्र लांबवू नका. पॉलिसीची प्रत, सविस्तर फायनल बिल, कपातीचं पत्र आणि कंपनीला केलेल्या तक्रारीची पोच जोडा. प्रमाणशीर कपातीचा वाद असेल, तर औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या ओळींवर पेन्सिलीने खूण करून त्यांची वेगळी बेरीज लिहा. रक्कम तेवढीच मागा.